डॉल्फिनच्या अंगावरचे डाग : निदान आणि मोजणी



जयपूर शहराला लागून असलेल्या झालानाच्या जंगलात बिबट्यांची ओळख अंगावरच्या ठिपक्यांवरून पटते. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. समुद्रातला डॉल्फिन पाठीवरच्या पराच्या कडेला पडलेल्या खाचांवरून ओळखतात. त्यासाठी काढलेल्या फोटोंत कधी कधी त्वचेवरचे डागही दिसतात. हे डाग उमटतात, पसरतात, मिटतात, म्हणूनच त्यांतून आजाराची माहिती मिळू शकते. ती माहिती कितपत भरवशाची असते, ते बॉटलनोज डॉल्फिनच्या उदाहरणाने पाहू.

१. त्वचेची रचना

डॉल्फिनच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात. बाह्यत्वचा माणसाच्या बाह्यत्वचेपेक्षा साधारण १५ ते २० पट जाड असते. तिचा सर्वांत वरचा थर सुमारे दर २ तासांनी झडतो. तरीही एखादा डाग महिनोन्महिने टिकला, तर बिघाड खालच्या पेशींत आहे असे समजावे.

२. नेहमी आढळणारे आजार

टॅटू आजार : हा पॉक्स गटातल्या विषाणूमुळे होतो. गोंदल्यासारखे राखाडी किंवा काळसर, बारीक ठिपक्यांचे डाग दिसतात. निरोगी समूहात तो मुख्यतः पिल्ले आणि किशोरवयीन डॉल्फिनमध्ये आढळतो, कारण आईकडून मिळालेले संरक्षण ओसरलेले असते आणि स्वतःची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची असते. प्रौढांतच जास्त दिसू लागला, तर समूहाचे आरोग्य बिघडल्याची शंका घ्यावी.

लोबोमायकोसिससारखा आजार : बुरशीमुळे त्वचेवर पांढरट-गुलाबी गाठी येतात. फ्लोरिडातल्या इंडियन रिव्हर लगूनमधला समूह यासाठी बराच अभ्यासला गेला आहे.

पॅपिलोमा : तोंड, जीभ आणि जननेंद्रियांच्या श्लेष्मल त्वचेवर येणाऱ्या या चामखिळीसारख्या वाढी विषाणूंशी संबंधित असतात. त्या नावेतून दिसत नाहीत, प्राणी हाताळून तपासावा लागतो. म्हणजे फोटोत काही दिसले नाही, यावरून आजार नाही असे ठरत नाही.

३. गोड्या पाण्यामुळे होणारा आजार

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. डॉल्फिनच्या शरीरातल्या द्रवाची क्षारता त्याच्या सुमारे एक तृतीयांश असते. पुरामुळे पाणी गोडे झाले आणि डॉल्फिन तेथे कित्येक आठवडे अडकला, तर परासरणाची दिशा उलटते. बाहेरचे पाणी पेशींत शिरते, त्या फुगतात, आणि रक्तातले क्षारही कमी होतात. त्वचेवर मोठे चट्टे उठतात. ते शरीराच्या ७० टक्के भागापर्यंत पसरू शकतात आणि प्राणी दगावू शकतो. अमेरिकेत २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर आणि ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँड सरोवरांत २००७ मध्ये असे घडले. या आजाराचे सविस्तर वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चट्ट्यांवर नंतर बुरशी आणि जिवाणू वाढतात. तेवढेच पाहिले, तर परिणामालाच कारण समजण्याची चूक होते.

४. मोजताना होणारी चूक

समजा, प्रकल्पासाठी तुमच्याकडे १२० फोटो आहेत आणि ३० फोटोंत डाग दिसतो. उत्तर २५ टक्के का? नाही. खाचांवरून ओळख पटवल्यावर कळले, की डॉल्फिन २० आहेत आणि डाग त्यांतल्या ३ जणांना आहे. म्हणजे प्रमाण १५ टक्के. डाग असलेल्यांचे फोटो आपण जास्त काढतो, म्हणून आकडा फुगला. मोजणीचे एकक फोटो नसून प्राणी आहे. तुमचा संगणकीय प्रोग्रॅम डाग अचूक ओळखत असला, तरी ही चूक तो स्वतःहून दुरुस्त करणार नाही.

५. कोकणात काय पाहावे?

मालवणसारख्या ठिकाणी किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा हंपबॅक जातीचा असतो. आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. तो खाड्यांच्या तोंडाशीही वावरतो, आणि पावसाळ्यात तेथले पाणी गोडसर होते. तरी डाग दिसताच ऑस्ट्रेलियातल्या आजाराचे नाव देऊ नका. जाळ्याच्या दोरीने झालेली जखम आणि दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे ओरखडेही व्रण सोडतात. चुकीच्या निदानाने उपाय चुकतो. जाळ्यामुळे झालेल्या जखमा रोग म्हणून नोंदल्या गेल्या, तर जाळ्यांचा प्रश्न नोंदीत येतच नाही. म्हणून फोटोबरोबर तारीख, जागा, पाण्याची क्षारता आणि प्राण्याचे अंदाजे वय लिहा. किनाऱ्यावर आलेल्या डॉल्फिनला उघड्या हाताने स्पर्श करू नका, वन विभागाला कळवा.

स्वाध्याय

१. नदीतला डॉल्फिन आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो, पण बॉटलनोजला ते पाणी का मानवत नाही? परासरणाच्या आधारे चर्चा करा.
२. वरच्या उदाहरणात २० पैकी ५ डॉल्फिनची त्वचा फोटोंत स्पष्ट दिसत नाही आणि डाग असलेले तिघे त्या ५ मध्ये नाहीत. प्रमाण किती येईल?