दोन रिळांचा नायक

लॉरेल आणि हार्डी मराठी प्रेक्षकांना कधी परके वाटले नाहीत. त्यांच्या चित्रपटांत त्या दोघांच्या करामतींनी बेजार होणारा एक टकला, आडव्या बांध्याचा माणूस अधूनमधून येतो. कधी तो वाहतूक पोलीस असतो, कधी काका. चेहरा लगेच ओळखू येतो, नाव मात्र क्वचितच कुणाला सांगता येतं. हा एडगर केनेडी. १८९० साली कॅलिफोर्नियात जन्मलेला हा नट कीस्टोन कंपनीच्या मूकपटांपासून १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सतत पडद्यावर होता, आणि मोठ्या चित्रपटांत बहुधा एखाद्या प्रसंगापुरताच. अशा चरित्र अभिनेत्याची खरी ताकद जोखायची असेल तर त्याचे छोटे चित्रपट पाहायला हवेत, आणि ते भावाबहिणींनी एकत्र पाहून त्यांवर मनसोक्त वाद घालायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

केनेडीच्या अभिनयाचा गाभा म्हणजे हळूहळू चढत जाणारा राग. त्याला इंग्रजीत ‘स्लो बर्न’ म्हणत आणि तेच त्याचं टोपणनाव होऊन बसलं. चिडका माणूस रंगवणारे नट पुष्कळ आहेत. केनेडी राग गिळण्याचा प्रयत्न रंगवतो. आधी तो समजुतीने बोलतो, मग इकडेतिकडे पाहतो, मग तळहात टकलावरून खाली चेहऱ्यावर ओढतो, जणू आतून वर येणारं काहीतरी पुसून टाकायचं आहे. स्फोट होतो तो सगळ्यात शेवटी. या चढणीला वेळ लागतो, आणि मोठ्या चित्रपटात तो वेळ नायकाच्या मालकीचा असतो. १९३३ च्या ‘डक सूप’मध्ये तो लिंबू सरबत विकणारा गाडीवाला आहे. हार्पो आणि चिको हे मार्क्स बंधू त्याची टोपी जाळतात, हार्पो तर त्याच्या सरबताच्या भांड्यात उतरून पाय बुडवतो. केनेडी या प्रसंगात अप्रतिम आहे, पण त्याच्या पात्राला साधं नावही नाही. या माणसाला घर आहे का, घरी गेल्यावर तो टोपीचं काय सांगेल, याच्याशी चित्रपटाला काही देणंघेणं नाही.

ते घर त्याला आरकेओ कंपनीने दिलं. १९३१ पासून १९४८ पर्यंत या कंपनीने केनेडीला मध्यवर्ती ठेवून दोन रिळांचे, म्हणजे साधारण अठरा-वीस मिनिटांचे, शंभराहून अधिक लघुपट काढले. मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवायचा हा माल, त्यामुळे खर्च बेताचा आणि कथानक एका ओळीचं. पण इथे केनेडी एका घराचा कर्ता आहे. भोळसट, अखंड बडबडणारी बायको (बहुतेक भागांत फ्लोरेन्स लेक), त्याच घरात ठाण मांडून बसलेली सासू (डॉट फार्ली) आणि काडीचं काम न करता सल्ले देणारा मेव्हणा (नंतरच्या भागांत जॅक राइस), असा संसार. घरात काहीतरी दुरुस्ती निघते किंवा चार पैसे वाचवायची युक्ती सुचते, सगळे मदतीला धावतात आणि सत्यानाश होतो. इथे रागाला इतिहास मिळतो. मेव्हण्याच्या एका वाक्यावर एडगरचा हात टकलाकडे जातो, तेव्हा अशी शेकडो वाक्यं त्याने आधी ऐकली आहेत हे आपल्याला कळतं. गाडीवाल्याच्या रागात ते कळणं शक्यच नव्हतं.

भावंडांचा संबंध इथेच येतो. हे लघुपट एका छपराखाली राहणाऱ्या माणसांचे आहेत, आणि एकाच घरात वाढलेली दोन माणसं ते सारखेच पाहत नाहीत. थोरल्याला एडगरची बाजू पटेल. धाकटीला वाटेल की बायको सोडून घरात कुणी कुणाचं ऐकतच नाही आणि तिचंही कुणी ऐकत नाही. दोघांना रागावणारी माणसं तीच माहीत आहेत, त्यामुळे या भांडणाला लगेच पुरावा सापडतो. मित्राला आधी सगळी पार्श्वभूमी समजावावी लागते, भावंडाला ती लागत नाही. शिवाय वीस मिनिटांचा चित्रपट लगेच पुन्हा लावता येतो. हात नेमका कधी वर गेला, हे मुद्द्याला धरून तपासता येतं. योगायोग असा की पडद्यावरही एक भावंडांची जोडी आहे. फ्लोरेन्स लेकचा भाऊ आर्थर लेक याने १९३८ पासून ‘ब्लॉन्डी’ चित्रपटमालिकेत डॅगवुड या नवऱ्याची भूमिका केली. बहीण एका मालिकेत नवऱ्याला बेजार करणारी बायको, भाऊ दुसऱ्या मालिकेत बेजार होणारा नवरा. ही दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहिली तर विनोदाचं टायमिंग या विषयावर एक संध्याकाळ सहज पुरते.

यावर पहिला आक्षेप येईल तो साचेबंदपणाचा. तो खरा आहे. ओळीने पाच भाग पाहिले तर सहाव्याचा शेवट आधीच कळतो. पण हे चित्रपट ओळीने पाहण्यासाठी काढलेच नव्हते, आणि गोष्ट ठरलेली असते म्हणूनच नटाने या वेळी काय वेगळं केलं याकडे लक्ष जातं. कीर्तनातलं आख्यान श्रोत्यांना पाठ असतं, तरी बुवा कोणते हे महत्त्वाचं असतंच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सासू कजाग, बायको बावळट, हा विनोद शिळा आणि अन्यायकारक आहे. तो मी पुसून टाकणार नाही. त्या स्त्री-पात्रांना लेखकांनी फार थोडं दिलं. मात्र फ्लोरेन्स लेकने त्या थोड्यातून जी निरागस चिवट बाई उभी केली, ती एडगरपेक्षा कमी नाही. तिसरा आक्षेप, भावंडांच्या गप्पा समीक्षा नसून आठवणींचा खेळ ठरतात. तसं होऊ शकतं. पण भावंडं एकमेकांच्या मताला भिडेखातर मान डोलावत नाहीत, आणि चर्चा खरी राहायला तेवढं पुष्कळ आहे.

सुरुवात लॉरेल-हार्डीच्या १९२९ च्या ‘परफेक्ट डे’पासून करावी. सहलीला निघालेल्या कुटुंबाची गाडी त्यात काही केल्या सुटत नाही, आणि पायाला बँडेज बांधलेल्या काकाच्या त्याच पायावर पुन्हा पुन्हा संकट कोसळतं. काका म्हणजे केनेडी. त्यानंतर आरकेओच्या मालिकेतले दोन-तीन भाग पाहावेत. त्यांतले बरेच आज इंटरनेटवर सापडतात. भाऊ किंवा बहीण परगावी असेल तर दोघांनी एकाच रात्री पाहावेत आणि लगेच फोन करावा.