शाळेची दुसरी भिंत

पालघरहून बोईसरकडे जाताना निळसर काचेच्या इमारती आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. दुकाने, कचेऱ्या झाल्या. शाळा-कॉलेजांनाही असे चकचकीत तोंड हवेसे वाटते. माझा प्रश्न साधा आहे : त्या काचेआड दिवसाचे पाच-सहा तास बसणाऱ्या मुलांचे काय?

यातला थोरला प्रकार म्हणजे दुहेरी काचभिंत. काचेच्या दोन भिंती आणि मध्ये हवेची पोकळी. थंड देशात ही पोकळी गोधडीसारखी ऊब धरते. जर्मनीत गिंगेनला श्टाइफ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९०३ मध्येच असा कारखाना बांधला. पॅरिसमध्ये १९३३ साली ल कॉर्ब्युझिएने बेघरांच्या निवासाला अशीच भिंत योजली. पण पैशाअभावी काच एकेरीच बसली, खिडक्याही उघडत नव्हत्या. उन्हाळ्यात रहिवासी हैराण झाले. पुढे तिथे ऊन अडवणाऱ्या फळ्या लावाव्या लागल्या.

ही पॅरिसची कथा. आपल्याकडे तर दमट समुद्रकिनारा. घाम वाळायला वारा हवा, आणि बंद काच नेमका तोच अडवते. मग वातानुकूलन आले, विजेचे बिल आले. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि तारापूरच्या कारखान्यांची धूळ सोसणारी ती पोकळी पुसणार कोण? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाला भूकंपाच्या धक्क्यांनी वारंवार हादरवले, हेही विसरून चालणार नाही.

दुहेरी भिंतीचे तत्त्व मात्र खोटे नाही. ते आपल्याकडे जुनेच आहे. कारवीच्या कुडापुढची पडवी ऊन बाहेरच थोपवते, वारा आत सोडते. पावसाळ्यापूर्वी मातीच्या भिंतीवर झाप बांधत, तीही दुसरी भिंतच. ती काचेची असलीच पाहिजे असे थोडेच आहे? जाळी, बांबू, रुंद व्हरांडा, पश्चिमेला झाडे चालतील.

याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. इमारतीआधी मूल, हा तो धडा.

काचेचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी संस्थाचालकांनी ऑक्टोबरातल्या एका दुपारी, वीज गेलेली असताना, काचबंद खोलीत एक तास बसून पाहावे. मग सही करावी.