कार्बनची फ्रेम आणि वऱ्हाडचा रस्ता

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीम येण्यापूर्वी, मालेगाव तालुक्यातील जऊळका रेल्वे हे गाव लागते. या भागातील जमीन काळी, कसदार, सोयाबीन आणि तुरीची. आणि काळ्या जमिनीचा धर्मच असा की पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्या पाठीवरून गेलेली डांबरी सडक, ती कितीही काळजीने बांधलेली असो, कालांतराने कुठे खचते तर कुठे उचलली जाते. अशा मुलखात राहून ज्याला कार्बन तंतूंची रोड सायकल घ्यावयाची आहे, त्याने युरोपातील गुळगुळीत घाटरस्त्यांवरील छायाचित्रे बाजूस ठेवून प्रथम आपल्या दारासमोरचा रस्ता पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका खंड आडवा ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच वाट एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पार केली. असे पराक्रम घरच्या माणसांनी केले म्हणजे तालुक्याच्या गावातील तरुणालाही दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करावयाच्या लांब सवारीचे, स्वप्न पडू लागते. आणि मग लाख-दोन लाख रुपयांचा हा जिन्नस टिकेल किती, हा प्रश्न त्याच्या वडिलांसमोर उभा राहतो. तो प्रश्न रास्त आहे.

कार्बनचा तंतू साधारण सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मानवी केसाहूनही कितीतरी बारीक असतो. एका कृत्रिम धाग्याला प्राणवायूविरहित भट्टीत हजार अंशांहून अधिक उष्णता देऊन तो सिद्ध करतात, इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवितात, आणि अशा पट्ट्यांचे थरावर थर, प्रत्येक थराची दिशा विचारपूर्वक बदलून, साच्यात रचून भाजतात. तंतूच्या लांबीच्या दिशेने या पदार्थाचे सामर्थ्य पोलादाला मागे टाकते. आडव्या दिशेने मात्र सारा भार राळेवर पडतो आणि राळ दुबळी असते. म्हणून फ्रेमचे आयुष्य तंतूच्या जातीपेक्षा थरांच्या रचनेवर अवलंबून असते. विक्रेते टी-700, टी-800 असे आकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु उत्तम तंतू वापरून थर निष्काळजीपणे रचले, त्यांत हवेचे बुडबुडे वा सुरकुत्या राहिल्या, तर त्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. शिवाय जो तंतू अधिक ताठ, तो बहुधा अधिक ठिसूळही असतो.

कार्बन वापरून ‘झिजतो’ हा समज आपल्याकडे फार रूढ आहे आणि तो बव्हंशी निराधार आहे. ग्रेग लेमाँ याने 1986 साली कार्बनच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, त्यानंतरच्या चार दशकांचा अनुभव असा की, वारंवार पडणाऱ्या भाराने येणारा थकवा हा पदार्थ अॅल्युमिनियमपेक्षा पुष्कळ चांगला सोसतो. त्याचा खरा वैरी आहे आघात. दगडी कठड्यावर आदळलेली नळी, उभी सायकल कलंडून दाराच्या कडेवर बसलेला टोला, आगगाडीच्या सामानाच्या डब्यात वर पडलेली पेटी, यांनी आतील थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग मात्र पुष्कळदा अभंग दिसतो. धातू वाकून इशारा देतो. कार्बन बहुधा देत नाही.

याच कारणासाठी हलकेपणाच्या मोहापासून सावध राहावे. सातशे-आठशे ग्रॅमच्या फ्रेमच्या नळ्यांची भिंत काही ठिकाणी इतकी पातळ असते की अंगठ्याने दाबली असता ती लवते; अकराशे-बाराशे ग्रॅमची फ्रेम घेणाऱ्याला चढावर काही क्षणांचा तोटा होईल, पण खड्ड्यात उडालेला खडा तिला सहज फोडू शकणार नाही. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानेही संपूर्ण सायकल 6.8 किलोंहून हलकी चालत नाही, मग जऊळक्याच्या स्वाराने त्याहून हलकी सायकल कोणासाठी घ्यावी?

आयएसओ 4210 या मानकाप्रमाणे फ्रेमची कसोटी झाली आहे काय, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. त्या कसोटीत रोड सायकलच्या पायडलांवर 1,100 न्यूटनचा, म्हणजे सुमारे 112 किलो वजनाइतका भार एक लाख वेळा देतात, आणि धडकेची परीक्षा निराळी घेतात. त्याखेरीज निदान 32 मिलिमीटर रुंदीचा टायर आत मोकळेपणाने फिरेल इतकी जागा फ्रेममध्ये असलीच पाहिजे. माझ्या मते आपल्या रस्त्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा निकष होय, कारण रुंद टायर कमी हवेवर चालविता येतो आणि खड्ड्याचा धक्का फ्रेमपर्यंत पोहोचण्याआधीच गिळतो. पायडलांच्या मधला आस आट्यांचा असावा, दाबून बसविलेला नसावा. आट्यांचा आस वाशीमचा साधा मिस्त्रीही योग्य हत्यार मिळाल्यास बदलू शकतो, आणि दाबून बसविलेला आस किंचित तिरका बसला तरी कुरकुरू लागतो. सीटची दांडी गोल असावी, म्हणजे ती पुढेही सहज मिळते. मागील गियर टांगण्याचा तुकडा सुटा आणि बदलता येण्याजोगा असावा.

बोल्ट आवळताना टॉर्क पाना वापरणे ही चैन नव्हे. सीटची पकड वा हँडलचा जोड यांवर निर्मात्याने न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो, बहुधा पाचच्या आसपास. अंदाजाने आवळलेल्या पकडीखाली चिरडलेल्या फ्रेमी मी पाहिल्या आहेत, आणि त्या एकदाही पडलेल्या नव्हत्या. मे महिन्याच्या उन्हात काचा बंद केलेल्या मोटारीत सायकल दिवसभर ठेवू नये, कारण उष्णतेने राळेचे बळ घटते.

जुनी फ्रेम घेणाऱ्याने नळ्यांवर नाण्याने हलकेच टकटक करीत जावे. टणक आवाज एखाद्या जागी एकाएकी बद्द झाला तर तेथे थर सुटल्याचा संशय धरावा. ही परीक्षा अपुरी आहे, तिने दोष सापडेल, निर्दोषतेचा दाखला मिळणार नाही. कार्बनची दुरुस्ती जाणकाराकडून होऊ शकते, मात्र पुढील चाक धरणाऱ्या चिमट्याची दांडी दुखावली असेल तर तेथे दुरुस्तीचा विचारही न करता चिमटा बदलावा, कारण ती धावत्या सायकलीवर तुटली तर स्वार तोंडावर पडतो.

बड्या निर्मात्यांची हमी पुष्कळदा आजन्म असते, पण ती मूळ खरेदीदारापुरती, आणि अपघाताचे नुकसान तिच्या शर्तींत बसत नाही. नामांकित छापाच्या हुबेहूब नकला स्वस्तात विकल्या जातात, त्यांना तर कसलीच हमी नसते. तेव्हा अकोला वा नागपूर येथील अधिकृत विक्रेत्याकडून फ्रेम घ्यावी, तिचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, हमीचा कागद पावतीसोबत जपावा. आणि एकदा जोराने पडल्यावर, बाहेरून काही दिसत नसले तरी, जाणकाराच्या तपासणीशिवाय त्या सायकलीवर पुन्हा बसू नये.