गुलुगुलु इंग्लिश

हॉस्टेलच्या खिडकीत, नाहीतर एसीच्या डब्यामागे पारव्यांची जोडी घुमत असते. रोज ऐकता ना? सबमिशनच्या दिवसांत तर शिव्या घालत ऐकता. आता हे 'घुमणं' इंग्रजीत सांगा बघू. 'पिजन इज साउंडिंग'? छे! त्यासाठी पारव्याच्या गळ्यातूनच उचललेलं एक छोटंसं क्रियापद आहे : कू. 'पिजन्स कू.' बस्स! हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून घुमतोय.

गंमत पुढे आहे. मराठीत पारवा घुमतो, तान्हं बाळ हुंकार देतं आणि नव्याने प्रेमात पडलेली जोडी कट्ट्याच्या टोकाला बसून गुलुगुलु बोलते. आपल्याकडे तिघांना तीन शब्द. इंग्रजी मात्र तिघांनाही एकाच 'कू'मध्ये बसवतं.

का, ते बघायचंय? मोठ्याने 'ऊऽ' म्हणा. ओठांचा चंबू झाला, आवाज आतून, गोल होऊन आला. पारवा तर चोच मिटून, गळा फुगवून घुमतो. दोनेक महिन्यांचं बाळही 'ऊऽ, आऽ, गूऽ' असेच आवाज काढतं. बालविकासाच्या पुस्तकात या टप्प्याचं नावच 'कूइंग'. साधारण सहाव्या महिन्यात 'बाबाबा, मामामा' सुरू झालं की त्याला 'बॅबलिंग' म्हणायचं. सायकॉलॉजी आणि नर्सिंगवाल्यांनो, या दोन्हींत गल्लत नको!

बाळ बघायला आलेल्या मावश्या-आत्या 'अगं बाई, कित्ती गोड!' करतात, त्यालाही हाच शब्द : 'दे कूड ओव्हर द बेबी.' उच्चार नीट करा. 'कॅन'चा भूतकाळ ऱ्हस्व 'कुड', हा दीर्घ 'कूड'.

आता प्रेमिक. 'बिल अँड कू' असा वाक्प्रचार आहे. यातल्या बिलाचा कॅफेच्या बिलाशी संबंध नाही. बिल म्हणजे चोच. पारव्यांची जोडी चोचीला चोच लावते आणि घुमते, तसं जगाला विसरून लाडात येणं म्हणजे 'बिलिंग अँड कूइंग'. शब्द जरा जुन्या वळणाचा आहे. आजचा चलनी शब्द 'लव्ही-डव्ही'. त्यातला 'डव्ह' म्हणजे आपला होला. त्याच कुळातला 'टर्टल डव्ह' एकनिष्ठ प्रेमाचं प्रतीक मानला जातो. शेक्सपिअरच्या 1601 मध्ये छापलेल्या 'द फिनिक्स अँड द टर्टल' या कवितेतला टर्टल हाच पक्षी आहे. कासव शोधत बसू नका! पक्ष्याचं लॅटिन नाव 'टुर्टुर', तेही त्याच्या आवाजावरूनच पडलेलं.

पण हे शब्द जपून वापरा. कादंबरीत ''यू आर सो क्लेव्हर,' शी कूड' असं वाक्य आलं, तर लेखक हळूच डोळा मारतोय असं समजा. तिचा स्वर लाडीक आहे, कदाचित काम काढून घेण्यापुरता. म्हणून कॉलेज मॅगझिनच्या रिपोर्टमध्ये 'प्रिन्सिपल मॅडम कूड' लिहाल तर केबिनमध्ये बोलावणं ठरलेलं. तिथे साधं 'सेड' बरं. 'व्हिस्पर' म्हणजे कुजबुजणं, यात नुसता श्वास ऐकू येतो. 'मर्मर' म्हणजे खालच्या आवाजात, अस्पष्ट पुटपुटणं. ते रागातही होतं, प्रेमातही. 'कू'मध्ये मात्र लाड आलाच. आणि कानात सांगायच्या गोड, बिनकामाच्या गोष्टींना इंग्रजीत झकास नाव आहे : 'स्वीट नथिंग्ज'.

एक सावधगिरी. बातम्यांमध्ये 'मिलिटरी कू' ऐकलंत तर विरघळू नका. तो फ्रेंचमधून आलेला शब्द, स्पेलिंगच्या शेवटी मुका 'पी'. अर्थ : सत्ता उलथवणं. तिथे पारवे नसतात, रणगाडे असतात.

हे सगळं कशाला, असं वाटेल. प्लेसमेंटला कोण विचारणार 'कू'? खरंय. आपण इंग्रजी शिकतो ते इंटरव्ह्यूसाठी, मेलसाठी, प्रेझेंटेशनसाठी. रजेचा अर्ज झोपेतही लिहितो. पण परदेशातल्या ताईचं बाळ व्हिडिओ कॉलवर हसलं की शेजारी बसलेल्या परदेशी जिजूंना काय सांगावं, ते सुचत नाही. रूममेट रडत असली तर 'डोन्ट वरी'च्या पुढे गाडी जात नाही. ज्या भाषेत लाड करता येत नाहीत, समजूत घालता येत नाही, ती कितीही फाडफाड बोललो तरी ऑफिसपुरतीच राहते.

तेव्हा पुढची इंग्रजी कादंबरी वाचताना एक करा. संवादानंतर 'सेड'च्या जागी कुठला शब्द आलाय, तिथे पेन्सिलीने खूण करा. तो मोठ्याने म्हणून बघा. अर्थ डिक्शनरीआधी कानालाच कळेल. खिडकीतल्या पारव्याचा कळतो, तसाच.