पिन बसली, पण वायर सोसेल का?

मैत्रिणींनो, कोजागिरीला तुमच्याकडेही गच्चीवर दूध आटवतात ना? गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी गाण्यांसाठी मोठा अँप्लिफायर भाड्याने आणला. आमच्या स्वयंपाकघरातल्या जाड पिनेच्या सॉकेटमधून लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड वर नेला. त्याच बोर्डावर अँप्लिफायर आणि त्याच बोर्डावर दुधाची विजेची शेगडी! दूध आटायच्या आतच जळका वास आला. पाहते तो काय, उरलेल्या वायरीचं वेटोळं तापून मऊ झालेलं, आणि शेजारणीचा धाकटा त्यावर हात ठेवायच्या बेतात! धावत खाली जाऊन बटण बंद केलं.

"पण एम.सी.बी. कसा पडला नाही?" दुसऱ्या दिवशी मी वायरमनला विचारलं.

"ताई, तो भिंतीतल्या वायरीची राखण करतो. तुमच्या बोर्डाची नाही."

मग त्याने हिशेब मांडला. मी शाळेत मराठी शिकवते, तरी मलाही तो चटकन समजला. वॅटला 230 ने भागलं की साधारण अँपिअर मिळतात. शेगडी 2000 वॅटची, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. अँप्लिफायरच्या पाटीवर 1000 वॅट, म्हणजे सव्वाचारच्या वर. बेरीज तेरा! बोर्डाची वायर मात्र 6 अँपिअरची. एम.सी.बी. 16 चा; त्याच्या लेखी सारं आलबेल होतं. त्यात गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून वेटोळंच आधी वितळलं.

तेव्हा घरी असा कार्यक्रम असेल, तर एवढं कराच :

- स्पीकरचे वॅट पाहू नका. अँप्लिफायरच्या मागे, वायर जोडतात तिथली पाटी वाचा.
- मोठा अँप्लिफायर 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शनची वायरही तेवढीच सोसणारी हवी, आणि ती पूर्ण उलगडा.
- शेगडी, इस्त्री, हीटर त्या लाइनवर नकोत.
- चालू करताना मोठा अँप्लिफायर क्षणभर पुष्कळ जास्त करंट ओढतो. म्हणून आवाज शून्यावर ठेवून तो सर्वांत शेवटी लावा, आणि बंद करताना सर्वांत आधी.
- स्पीकर घुमू लागला की मुलं म्हणतात, "मोठी पिन काढून टाकू." मुळीच ऐकू नका! ती अर्थिंगची पिन. आत बिघाड झाला तर पत्र्याच्या पेटीत उतरलेली वीज तीच वाहून नेते. मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावले, तर घुमणं बरेचदा कमी होतं.
- गच्चीवर दव असतं. त्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. वायरमनकडून बसवून घ्या.

यंदा आम्ही दूध खाली गॅसवरच आटवलं आणि पातेलं वर नेलं. गाणी झाली, दूधही झालं. मी मात्र मधूनमधून वायरीला हात लावून पाहत होते. गार होती हो!