गिरणीच्या छपराखाली

लोअर परळमध्ये गिरणीची जुनी शेड दिसली, की आधी मान वर करून तिचं छप्पर पाहावं. करवतीच्या दात्यांसारख्या उतरत्या रांगा, आणि प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो आणि ऊन थेट आत येत नाही. साच्यावर, म्हणजे मागावर, धागा तुटला तर कामगाराला चटकन दिसावं, म्हणून ही रचना. मोठ्या मोकळ्या जागा आणि असा उजेड असल्यानेच अशा शेड ऑफिसं, दुकानं, हॉटेलं यांना सोयीच्या ठरल्या. मथुरादास मिलच्या आवारातल्या एका गोदामात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' हा संगीताचा क्लब उघडला. जवळपास नऊ वर्षं तिथे रात्री वाद्यं वाजत होती.

याच भागात सेनापती बापट मार्गावर १९०५ साली स्थापन झालेली फिनिक्स मिल होती. आज तिथे मॉल आहे. गिरणीची उंच चिमणी मात्र दुकानांच्या गर्दीत अजून उभी आहे. ती पाडली नाही, हे चांगलंच झालं. पण भोंग्याबरोबर पाळीला धावणाऱ्या, घाटावरून आणि कोकणातून आलेल्या माणसांचं काय झालं, हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली: महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. शेड उभ्या असलेली जमीन त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. माझ्या मते गिरणगावाचं खरं नुकसान इथे झालं. शेडचा नवा वापर योग्यच होता, पण शहराचा वाटा त्याआधी वेगळा काढायला हवा होता.

वापर बदलताना सुरक्षेचे नियमही तितकेच कडक हवेत. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. जागा बदलते तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटा, अग्निशमन आणि गर्दीची मर्यादा हे सगळं नव्याने तपासायलाच हवं.

कामगारांच्या घरांचं म्हणाल, तर म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली. घरं होती सात हजारांच्याही आत आणि अर्ज सुमारे दीड लाख. पुढे २०१६ च्या एका सोडतीतली घरं पनवेलजवळच्या कोन गावातली होती. जिथे या कामगारांनी साचे चालवले, त्या परळपासून कित्येक मैल दूर. आणि तिथलाही ताबा मिळायला वर्षं गेली.