कुजक्या वांग्याखालचा विषाणू आणि मुलींचं बी.एस्सी.

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आता बी.एस्सी.ला जातात. फीसाठी कुणी गटातून कर्ज उचलतं. मग मुलगी तिथं काय शिकते, हे आपल्यालाही कळायला हवं. कोरोनात बातम्यांमध्ये एक शब्द सारखा यायचा, जीनोम सिक्वेन्सिंग. आज त्याबद्दल बोलू.

प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या घडणीची जणू एक पोथी असते. तिला जीनोम म्हणतात. ती फक्त चार अक्षरांत लिहिलेली असते. माणसाच्या पोथीत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. ती ओळीनं वाचणं म्हणजे सिक्वेन्सिंग. पहिल्यांदा माणसाची पोथी वाचायला १३ वर्षं लागली. २००३ मध्ये ते काम संपलं. आताची यंत्रं तेच काम एक-दोन दिवसांत करतात.

अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था यांनी २००८ पासून हे शास्त्र कॉलेजच्या पहिल्याच वर्षात आणलं. विद्यार्थी मूठभर माती आणतात. मातीत जिवाणूंना मारणारे विषाणू असतात. त्यांना फाज म्हणतात. विद्यार्थी त्यातला एक फाज शोधतात, त्याला नाव ठेवतात. त्याची सुमारे ५० हजार अक्षरं यंत्रावर वाचली जातात. मग कुठलं जनुक कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, याच्या खुणा मुलं संगणकावर करतात. याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, स्वतःच शोधावं लागतं.

याचा उपयोग काय? दक्षिण आफ्रिकेत डर्बनला अशाच शिक्षणात २०१० साली एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला एक फाज सापडला. त्याचं नाव पडलं मडी, म्हणजे चिखल्या. पुढं २०१८ मध्ये लंडनला १५ वर्षांच्या एका मुलीच्या अंगात, फुप्फुसं बदलल्यानंतर, क्षयाच्या जंतूच्या भावकीतला एक जंतू पसरला होता. औषधं लागू पडेनात. तेव्हा हॅटफुल यांच्या संग्रहातले तीन फाज तिला दिले. त्यात मडी होता. बाकीचे दोन जिवाणूत शिरून गप्प बसणाऱ्या जातीचे होते. पण त्यांची पोथी वाचलेली होती, म्हणून गप्प बसवणारं जनुक नेमकं काढून टाकता आलं. मुलीच्या जखमा भरत आल्या, ती घरी परतली. आजार मुळापासून गेला नाही, तरी तिला पुढचे दिवस मिळाले.

सिक्वेन्सिंगचं यंत्र महाग असतं, ते प्रत्येक कॉलेजात नसणार. पण अशा वाचलेल्या लाखो पोथ्या इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुल्या आहेत. संगणक, नेट आणि शिकवायला तयार असलेले शिक्षक असले, तर तालुक्याच्या कॉलेजातही त्यावर प्रॅक्टिकल होऊ शकतं.

म्हणून पालक सभेला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. मुलींना संगणकावर जनुकं वाचायला शिकवता का? प्रॅक्टिकल मुली स्वतःच्या हातानं करतात, की नुसती वही उतरवतात? शिक्षकांना याचं प्रशिक्षण मिळालं आहे का? हे विचारायला आपण विज्ञान शिकलेलं असावं लागत नाही. मुलगी आपली आहे आणि फीही आपणच भरतो.